‘पोट भरलं’ हे कोरियनमध्ये कसं सांगायचं

नागपूरच्या पंगतीत ‘पोट भरलं’ एवढे दोन शब्द तीन कामं करतात. वाढणाऱ्याला थांबवतात, यजमानाला पावती देतात आणि पोटाची अवस्थाही सांगतात. ‘एक पाटवडी तर घ्या ना जी’ म्हणत कुणी भांडं घेऊन समोर उभं राहिलं, की ताटावर आडवा हात धरून आपण ‘पोट भरलं’ म्हणतो आणि हात धुवून आल्यावर घरच्या काकूंनाही तेच सांगतो. कोरियनमध्ये या तीन कामांसाठी तीन वेगळी वाक्यं आहेत. मालिका बघता बघता त्यातलं ‘पेबुल्लॉयो’ तेवढं पाठ होतं, मग तेच तिन्ही ठिकाणी वापरलं जातं आणि घोळ तिथेच होतो.

पुढे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यातला ‘ऑ’ हा ओठांचा चंबू न करता, तोंड सैल सोडून म्हणायचा. मराठी ‘अ’ आणि इंग्रजीतून आलेला ‘ऑ’ यांच्या मधला हा आवाज आहे.

पेबुल्लॉयो: नुसती पोटाची बातमी

‘पे’ म्हणजे पोट, ‘पुरुदा’ म्हणजे भरलेलं असणं. दोन्ही जोडले की ‘पेबुरुदा’ होतं. दुसऱ्या प चा ब कसा झाला? कोरियनमध्ये हे एकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते प सारखं ऐकू येतं, दोन स्वरांच्या मध्ये सापडलं की ब सारखं. त्यामुळे ‘बेबुल्लॉयो’ही चूक आणि ‘पेपुल्लॉयो’ही चूक.

सुरुवातीच्या ‘पे’कडे जरा लक्ष द्या. ओठांसमोर तळहात धरून ‘पाणी’ म्हणा, हाताला काही लागत नाही. आता ओठ मिटून जुन्या पद्धतीचा ‘फळ’ म्हणा, झोत लागतो. कोरियन ‘पे’ या दोहोंच्या मधला, हलकी फुंकर जाणवेल इतपत. मराठी माणूस तो पाण्यासारखा घट्ट उच्चारतो आणि कोरियन कानाला तो ‘प्पे’ ऐकू येतो, ज्याचा अर्थ ‘काढ’, ‘कमी कर’. वजन उतरवण्यालाही हेच क्रियापद लागतं. भरल्या ताटावरून उठताना हा शब्द तोंडून निघायला नको.

पाठोपाठच्या दोन ल वर मात्र आपल्याला कष्ट नाहीत. ‘गल्ली’ म्हणता येतं त्याला ‘बुल्लॉ’ही म्हणता येतं. मूळ शब्दात र असताना इथे ल्ल कुठून आला, हा प्रश्न शिकणाऱ्यांना पडतोच. ‘रु’ने संपणाऱ्या बहुतेक क्रियापदांची ही खोड आहे. पुढे ‘ऑयो’ किंवा ‘आयो’ लागलं की ‘रु’मधला स्वर गळतो आणि ल दुप्पट होतो. ‘मोरुदा’चं मोल्लायो (माहीत नाही), ‘तारुदा’चं ताल्लायो (वेगळं आहे), तसंच ‘पुरुदा’चं पुल्लॉयो. हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही.

खरी अडचण काळाची आहे. मराठीत पोट ‘भरलं’, म्हणजे भूतकाळ. म्हणून मराठी डोकं आपोआप कोरियन भूतकाळ शोधतं आणि ‘पेबुल्लॉस्सॉयो’ म्हणून मोकळं होतं. पण कोरियनमध्ये हे विशेषणासारखं चालतं, ‘पोट भरलेलं आहे’ असं. ती आत्ताची अवस्था असल्यामुळे वर्तमानच हवा. भूतकाळ वापरला तर ‘तेव्हा पोट भरलेलं होतं’ असा अर्थ होतो आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो: बरं, मग आता काय, पुन्हा भूक लागली? काल संध्याकाळचा किस्सा सांगत असाल तर भूतकाळ बरोबर आहे. ताटावर बसलेले असाल तर नाही.

त्याच भूतकाळाला आणखी एक काटा आहे. कुणी तुमच्याबद्दल ‘पेगा बुल्लॉन्ने’ म्हटलं, तर त्याचा जेवणाशी संबंध असेलच असं नाही. ‘पोट भरलंय म्हणून चोचले सुचतायत’ असा तो टोमणा असतो. चांगल्या नोकरीत असून रडगाणं गाणाऱ्याच्या बोलण्याला ‘पेबुरुन सोरी’ म्हणतात, शब्दशः भरल्या पोटाची बडबड. आणि ‘पेगा बुल्लॉ ओदा’ म्हणजे गरोदर बाईचं पोट दिसू लागणं. तेव्हा स्वतःपुरतं बोला, वर्तमानात बोला, आणि दुसऱ्याच्या पोटाबद्दल शेरे मारू नका.

कुणासमोर कोणतं रूप? ज्याला तुम्ही बिनदिक्कत ‘बे’ म्हणू शकता, त्याच्यासमोर ‘पेबुल्लॉ’. बाकी सगळ्यांसमोर ‘पेबुल्लॉयो’. पुस्तकात ‘पेबुरुम्निदा’ही सापडेल. ते चुकीचं नाही, पण जेवणाच्या टेबलावर ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाटतं. वडीलधाऱ्यांना विचारायचं असेल तर आदराचा ‘से’ घालून ‘पेबुरुसेयो?’. हा ‘से’ स्वतःसाठी कधीच वापरायचा नाही. ‘मी जेवलात’ म्हटल्यासारखं होईल.

सगळ्यात अस्सल कोरियन रूप मात्र शिकवणीत क्वचितच मिळतं. चमचा खाली ठेवून, किंचित मागे रेलून, स्वतःशीच म्हटल्यासारखं: ‘आ, पेबुरुदा!’ शब्दकोशातलं मूळ रूप जसंच्या तसं. ते कुणाला उद्देशून नसतं, म्हणून त्यात मान-अपमानाचा प्रश्न येत नाही. मात्र कोपऱ्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नको.

‘अजून पोट भरलं नाही’ म्हणायचं तर नकाराचा ‘आन’ शब्दाच्या पोटात घाला: ‘पे आन बुल्लॉयो’. तो पुढे लावून ‘आन पेबुल्लॉयो’ म्हटलं तरी कळतं, पण कानाला खटकतं.

चाल मॉगॉस्सुम्निदा: ज्याचं खाल्लं त्याला

जेवण झाल्यावर जे म्हणावंच लागतं ते वाक्य हे. शब्दशः ‘नीट जेवलो’. अर्थाने मात्र ‘मस्त जेवलो’ आणि ‘अन्नदाता सुखी भव’ यांच्या मध्ये कुठेतरी बसणारं. पोटाबद्दल यात अक्षरही नाही. भूक राहिली असली, मीठ कमी पडलं असलं, तरी हे म्हणायचंच. ‘पेबुल्लॉयो’ म्हणून उठलात तर बातमी पोचली, आभार राहून गेले.

उच्चार तुकड्यांत करा: चाल, मॉ, गॉत्, सुम्, नि, दा. लिहिताना जिथे प आहे तिथे पुढच्या न मुळे म ऐकू येतो, म्हणून ‘सुप्निदा’ नव्हे, ‘सुम्निदा’. इथल्या ‘सुम्’मधला उ ओठ ताणून, हसल्यासारखे करून काढायचा.

जेवणाआधीचं वाक्य याचं जुळं भावंड आहे: ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’, म्हणजे ‘आता छान जेवतो’. दोन्हींत फरक एका तुकड्याचा, ‘गॉत्’ झालेलं सांगतो आणि ‘केत्’ होणारं. उठताना ‘केत्’वालं म्हटलंत तर यजमान पुन्हा डाव हातात घेईल.

हे कुणाला म्हणायचं, याचे नियम सोपे आहेत. घरी जेवलात तर ज्याने रांधलं त्याला. बाहेर जेवलात आणि कुणी पैसे दिले तर त्याला, तेही टेबलावर नाही, गल्ल्यावर पैसे चुकते झाल्यावर, दाराबाहेर पडता पडता. स्वतःचे पैसे दिले असले तरी बाहेर पडताना हॉटेलवाल्याला म्हणायचं. ‘साजांगनिम, चाल मॉगॉस्सुम्निदा’ यातलं ‘साजांगनिम’ म्हणजे मालक. आपल्याकडे सावजीकडून निघताना ‘मालक, मजा आली’ म्हणतो तसंच, फक्त तिथे ही रोजची रीत.

बिलावरून ओढाताण करण्यापेक्षा कोरियन पद्धत जास्त सुटसुटीत आहे. एकाने दिलं की दुसरा म्हणतो, ‘ताउमेन चेगा साल्केयो’, पुढच्या वेळी माझ्याकडून. आणि दुसऱ्या दिवशी ‘ऑजे चाल मॉगॉस्सुम्निदा’ असा छोटा संदेश, ‘काल छान जेवलो’. नागपुरातून सोलला पाठवत असाल तर घड्याळ बघा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे इथले रात्रीचे 9 म्हणजे तिथे मध्यरात्रीनंतरचे 12:30.

वाक्य म्हणायची वेळही ठरलेली आहे. सगळ्यात मोठं माणूस चमचा उचलेपर्यंत जेवायला लागायचं नाही, आणि ते माणूस उठेपर्यंत उठायचं नाही. पोट आधी भरलं तर हळूहळू खात बसा. चमचा आणि काड्या वाटीतून काढून मूळ जागी, टेबलावर ठेवल्या की ‘माझं झालं’ हे न बोलता कळतं. भातात काड्या उभ्या रोवून ठेवायच्या नाहीत, तो मृताच्या नैवेद्याचा प्रकार आहे. पिंडाच्या भाताची आठवण ठेवलीत तर हा नियम कधी विसरणार नाही.

नको म्हणायचं कसं

आग्रह कोरियातही आहे, आणि आजीच्या वयाच्या बायकांचा तर आपल्यासारखाच आहे. जेवणाच्या सुरुवातीला त्या म्हणतात, ‘छारिन गॉन ऑप्चिमान मानी दुसेयो’: वाढण्यासारखं काही नाही, पण पोटभर जेवा. टेबलावर बारा वाट्या असतात तेव्हाही हेच. हे वाक्य नागपुरी काकूंच्या तोंडी जसंच्या तसं शोभेल. पण आपलं मुख्य हत्यार तिथे चालत नाही. भाज्या मधोमध ठेवलेल्या असतात, वाढपी नसतो, त्यामुळे ताटावर आडवा हात कशाला धरणार? आजी सरळ काडीने एक तुकडा उचलून तुमच्या भातावर ठेवते. थांबवायचं ते बोलूनच. असं:

— तॉ दुसेयो. (अजून घ्या.)
— क्वेन्चानायो, मानी मॉगॉस्सॉयो. (राहू द्या, खूप खाल्लं.)
— एइ, ऑल्मा आन मॉगॉन्ने! (छे, कुठे काय खाल्लंस!)
— चॉंगमाल माशिस्सॉन्नुन्दे, पेगा नॉमु बुल्लॉसॉ...

शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडलं आहे. ‘खरंच फार चविष्ट होतं, पण पोट इतकं भरलंय की...’ एवढ्यावर थांबायचं, चेहरा थोडा ओशाळा ठेवायचा. ‘नको’ हा शब्द समोरच्याने मनात पुरा करायचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी चवीचं कौतुक, मग पोटाचं कारण, मग नकार, जमल्यास न उच्चारता. आधी पोट आणि मग कौतुक असं उलटं केलं तर कौतुक सारवासारव वाटतं.

नकार पूर्ण उच्चारायचाच असेल तर ‘तॉ मोन मॉक्केस्सॉयो’ म्हणा. इथे ‘आन’ आणि ‘मोत’ या दोन नकारांत गल्लत होते. ‘आन मॉगॉयो’ म्हणजे ‘मी खात नाही’, त्यात इच्छा नसल्याचा वास येतो. ‘मोत’ म्हणजे जमत नाही. मराठीत ‘खाणार नाही’ आणि ‘खाववत नाही’ यांत जो फरक आहे, अगदी तोच. यजमानाला ‘खाववत नाही’च सांगायचं. मोत पुढच्या म मुळे ‘मोन’ होतो, एवढं लक्षात ठेवा.

वाटीत काही उरलंच तर ‘नामग्योसॉ च्वेसोंग्हेयो’, टाकलं त्याबद्दल माफ करा. मधल्या भाज्या उरल्या तर चालतं, स्वतःचा भात संपवलेला बरा. दारूच्या पेल्याचं गणित वेगळं आहे. अर्धवट पेल्यात ओतत नाहीत, रिकामा झाला की भरतात. म्हणून नको असेल तर पेला भरलेलाच राहू द्या.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. मांस नको म्हणून ‘पेबुल्लॉयो’ची ढाल करू नका. पोट भरलं म्हटल्यावर यजमान तासाभराने तोच पदार्थ पुन्हा पुढे करणार, कारण तोवर ते जिरलेलं असणार. सुरुवातीलाच ‘चॉ छेशिखेयो’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, सांगितलेलं बरं. तरी किमची बिनधास्त घेऊ नका, तिच्यात बहुधा मासळीचं किंवा कोळंबीचं खारवण असतं.

आणि ढेकर. आपल्या आजोबांच्या पिढीत दणदणीत ढेकर म्हणजे सुगरणीला दिलेलं प्रशस्तिपत्रक. कोरियात ‘थुरिम’ चारचौघांत देणं गावंढळपणा समजतात. आलाच तर तोंडावर हात, मान वळवून. तृप्ती दाखवायला शब्द पुरेसे आहेत.

भरलं, फुटायला आलं, आधार झाला

मराठीत पोट तुडुंब होतं, तट्ट फुगतं, टम्म होतं. कोरियनमध्येही पायऱ्या आहेत. ‘पे थॉजिल क्कॉत् काथायो’, पोट फुटेल असं वाटतंय. ‘पेबुल्लॉ चुक्केस्सॉयो’, पोट भरून मरायची वेळ आली. दोन्ही मित्रांत आणि घरच्यांत चालतात, साहेबांसोबतच्या पहिल्या जेवणात नकोत. तिथे ‘क्वाशिखेस्सॉयो’, जरा जास्तच झालं, हे पुरे.

यातला सगळ्यात गोड शब्द ‘तुन्दुन्हेयो’. नुसतं भरलेपण नाही, पोटाला आधार झाला. गरम भात आणि वाटीभर सूप खाऊन कामाला निघालेला माणूस हे म्हणतो, चिप्सचं पाकीट संपवलेला म्हणत नाही. गंमत म्हणजे भरवशाच्या माणसालाही हाच शब्द लागतो, आणि मराठीतही पोटाला लागतो तो आधार आणि मोठ्या भावाचा असतो तो आधार एकच. सकाळी तर्री पोहे खाल्ले तर ‘पेबुल्लॉयो’, दुपारी गोळाभात झाला तर ‘तुन्दुन्हेयो’, असा फरक ध्यानात ठेवता येईल.

पोट भरण्याऐवजी बिघडलं असेल तर शब्द बदला, नाहीतर समोरचा कौतुक समजून बसेल. गुबारा धरल्यासारखं झालं तर ‘तॉबुरुखेयो’. अन्न छातीपोटात अडकल्यासारखं वाटून मळमळत असेल तर ‘छेहेस्सॉयो’, आणि इथे भूतकाळच बरोबर. हा शब्द ऐकला की घरातली वडील मंडळी अंगठ्याच्या नखाजवळ सुई टोचून थेंबभर रक्त काढायचा घरगुती उपाय सुचवतील. तो नको असेल तर औषधाच्या दुकानात ‘सोह्वाजे जुसेयो’, पचनाचं औषध द्या. ‘ह्वालम्यॉंगसु’ नावाचं पाचक तिथे 1897 पासून विकलं जातंय, आपल्या घरातल्या ओव्याच्या बरणीइतकं ओळखीचं.

गोडाची वेळ आली की ‘पेबुल्लॉयो’ गुंडाळून ठेवा. भात आंबवल्यासारखा करून, मोड आणलेल्या जवाने गोड केलेलं गार ‘शिखे’, किंवा दालचिनी-आल्याचं ‘सुजॉंगग्वा’ पुढे आलं, म्हणजे आग्रह संपला. पंगतीत मठ्ठा फिरला की कळतं, तसंच. तेव्हाचं ठरलेलं वाक्य: ‘दिजॉथु पेनुन त्तारो इस्सॉयो’, गोडासाठीचं पोट वेगळंच असतं.

पाहुणा कोरियन आणि घर नागपूरचं

उलटी बाजूही सांभाळावी लागते. कोरियन जेवणात सगळं एकदम मांडलेलं असतं, तेवढ्यावरून पाहुणा अंदाज बांधतो. आपल्या पंगतीत एकामागून एक पदार्थ येतात. पहिल्या वाढपातच तो बिचारा भाजी-पोळीने पोट भरून घेतो, आणि नंतर वडाभात आला की हबकतो. म्हणून बसतानाच सांगून टाका की अजून भात आहे, पुरणपोळी आहे. दुसरी गोष्ट, स्वतःपुढचं संपवणं ही त्याच्याकडची चांगली सवय, आणि रिकामी वाटी दिसली की भरणं ही आपली. दोघंही शिष्टाचार पाळत राहिले तर पाहुणा आडवा होतो. वाढण्याआधी विचारा.

त्याने पहिल्यांदा ‘क्वेन्चानायो’ म्हटलं तर एकदा आणखी आग्रह करायला हरकत नाही, पहिला नकार भिडेचा असू शकतो. दुसऱ्यांदा ‘पेबुल्लॉयो’ आलं की डाव खाली ठेवा. नाकपुड्या लाल आणि कपाळावर घाम असेल तर कारण पोट नसून रस्सा आहे. ‘मेवॉयो?’, तिखट लागतंय का, असं विचारून दही पुढे करा.

मुलांना जेवताना बघून कोरियन आई म्हणते, ‘आन मॉगॉदो पेबुल्लॉ’, न जेवताच माझं पोट भरलं. पाहुण्याच्या पुढ्यात हे एक वाक्य तुमच्या आईकडून म्हणवून घेतलंत तर बाकीचं कोरियन आलं नाही तरी चालेल.

उठताना तो दोन्ही हात बाजूला ठेवून किंचित वाकेल आणि ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’ म्हणेल. यावर आभाराचं उत्तर द्यायची गरज नाही. दारापर्यंत जा आणि ‘त्तो ओसेयो’ म्हणा, त घट्ट, फुंकर न सोडता: पुन्हा या.